हजार डॉलर सोडले आणि निगेटिव्ह घेतली: लुसिल बॉलच्या एका व्यवहाराची गोष्ट

मागे एका वेब सिरीजचे संवाद लिहिले तेव्हा सहीला जो करारनामा आला त्यात एक कलम होतं, की या मजकुराचे सगळे हक्क जगभर, कायमचे, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत निर्मात्याकडे राहतील. यावच्चंद्रदिवाकरौ एवढंच लिहायचं राहिलं होतं. मी सही केली, चेक हवा होता, घरभाडं थांबत नाही. घरी आलो आणि अमेरिकेतल्या 'आय लव्ह लुसी' या टीव्ही मालिकेची नटी लुसिल बॉल हिचं प्रकरण परत काढून वाचत बसलो, म्हणजे तिने आणि नवऱ्याने आठवड्याचे हजार डॉलर सोडून मालिकेच्या फिल्मची, म्हणजे निगेटिव्हची, मालकी घेतली ते, कारण या धंद्यात "चालू पगार घ्यायचा की पुढचा हक्क घ्यायचा" हा प्रश्न जेव्हा येतो तेव्हा लोक हमखास तिचंच उदाहरण देतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं देतात. म्हणजे आकडे बरोबर असतात हो, पण गोष्ट चुकीची सांगतात. "बघा किती दूरदृष्टी!" असं म्हणतात. मला त्यात दूरदृष्टी कमी आणि एका बाईची नवऱ्याला घरी ठेवायची धडपड जास्त दिसते. ते कसं ते सांगतो.

साल १९५१. अमेरिकेत टीव्ही अजून बाळसं धरतोय. १९५० साली तिथल्या जेमतेम ९ टक्के घरांत टीव्ही होता आणि १९६० पर्यंत तो ८७ टक्के घरांत पोचला, म्हणजे आपली गोष्ट घडते ती नेमकी या चढणीच्या पायथ्याशी. एका बाजूला सीबीएस हे नेटवर्क, त्यांच्याबरोबर फिलिप मॉरिस ही सिगरेट कंपनी, कारण तेव्हा स्पॉन्सर म्हणजे नुसता जाहिरात देणारा नव्हे, कार्यक्रमात काय दिसेल काय नाही इथपर्यंत त्याचा शब्द चालायचा. दुसऱ्या बाजूला एक नवरा-बायको. बायको लुसिल बॉल, चाळिशीला टेकलेली, पोटात पहिलं मूल. नवरा देझी आर्नाझ, क्यूबाचा, बँडवाला, तिच्यापेक्षा साडेपाच वर्षांनी लहान. (नाव इंग्रजीत लिहिलेलं बघितलं की आपण सरळ "देसी" वाचतो, माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं.)

आता ही लुसिल कोण, कुठली. न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनची, जन्म ६ ऑगस्ट १९११. बाप टेलिफोन कंपनीत लाइनमन, ती साडेतीन वर्षांची असताना टायफॉइडने गेला. मग शेजारच्या सेलरॉन गावात आजी-आजोबांच्या घरी वाढली, आणि ते घरही गेलं. १९२७ साली अंगणात पोरं रायफलने नेमबाजी करत असताना शेजारच्या एका मुलाला गोळी लागली, तो कायमचा अपंग झाला, आजोबांवर दावा लागला आणि त्यात घर गेलं. सोळा वर्षांची होती ती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ही बाई "घर, घर" म्हणून जो हट्ट धरते त्याच्या मागे मला हे सेलरॉनचं घर दिसतं. हा माझा अंदाज, कुठे लेखी पुरावा नाही.

न्यूयॉर्कला नाटकाच्या शाळेत गेली तर तिथल्या शिक्षकांनी हिच्याच्याने काही होणार नाही असं सांगून परत पाठवली, त्याच शाळेत तेव्हा पुढे मोठी नटी झालेली बेटी डेव्हिस शिकत होती आणि तिचं सगळीकडे कौतुक, म्हणजे ही आणखीच कोपऱ्यात. मग मॉडेलिंग केलं, मग १९३३ मध्ये हॉलिवूड, गर्दीतल्या नाचणाऱ्या मुलींमध्ये उभं राहायचं काम. तिथून आरकेओ स्टुडिओत पगारी कलाकार म्हणून लागली. ढीगभर सिनेमे केले, पण कसले, तर दुय्यम, कमी बजेटचे, लोक तिला बी-सिनेमांची राणी म्हणायला लागले, आणि हे कौतुक नव्हतं. मग एमजीएम या बड्या स्टुडिओने घेतली, केस लालभडक रंगवले (मूळची ती सोनेरी केसांचीही नव्हती आणि लालही नव्हती, तपकिरी होती), आणि तरी मोठी स्टार काही झाली नाही. चेहरा सुंदर म्हणून सुंदर बाईची कामं द्यायचे, आणि तिच्यात जे होतं, म्हणजे तोंड वाकडं करणं, धडपडणं, डोळे मोठ्ठे करून रडणं, ते कुणाला नकोच होतं.

१९४० साली आरकेओच्याच एका सिनेमाच्या सेटवर देझी भेटला. त्याचा बाप सांतियागो दे क्यूबाचा महापौर होता, १९३३ च्या क्रांतीत सगळं गेलं आणि हे लोक अमेरिकेत पळून आले. पोरगा कोंगा ड्रम वाजवायचा, गायचा, दिसायला देखणा. ३० नोव्हेंबर १९४० ला दोघांनी लग्न केलं, आणि लग्नानंतरची जवळजवळ दहा वर्षं हा बँड घेऊन गावोगाव नाहीतर लष्करात, ती हॉलिवूडमध्ये. ती पहाटे उठून स्टुडिओत जायची तेव्हा हा रात्रीचा शो संपवून घरी यायचा. बायकांच्या भानगडी होत्याच. १९४४ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज टाकलाही होता, मग परत एकत्र आले. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला त्यांचं पाच एकरांचं रँच, म्हणजे मळ्यातलं घर, होतं, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून त्याचं नाव ठेवलं डेसिलू, आणि तेच नाव पुढे कंपनीला.

१९४८ पासून लुसी सीबीएस रेडिओवर एक विनोदी मालिका करत होती, नवरा-बायकोचीच, आणि ती चांगली चालली होती. जेस ऑपेनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल हे तिघं लिहायचे, ही नावं लक्षात ठेवा, टीव्हीवरची लुसी या तिघांनी घडवलीय. सीबीएस म्हणालं, हीच मालिका टीव्हीवर आणू. लुसी म्हणाली, आणू, पण नवऱ्याचं काम माझा नवराच करेल. सीबीएसवाले म्हणाले, छे, एक अस्सल अमेरिकन लाल केसांची बाई आणि तिचा नवरा जड उच्चारांचा क्यूबन, लोकांना पटणार नाही. म्हणजे गंमत बघा, दहा वर्षं ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगतायत की तुमचं लग्न विश्वासार्ह वाटत नाही.

मग या दोघांनी वाद न घालता १९५० साली स्टेज शो बसवला आणि शहराशहरांत केला. त्यात पेपितो पेरेझ नावाचा एक स्पॅनिश जोकर त्यांच्या मदतीला होता, त्याने लुसीला एक चेलोचा आयटम बसवून दिला, ती ढगळ कोट घालून मोठ्ठं वाद्य घेऊन नवऱ्याच्या बँडमध्ये नोकरी मागायला येते आणि त्या वाद्यातून काय काय निघतं, असा. पब्लिक हसून लोळलं. लोकांना हे जोडपं पटतं की नाही याचा निकाल लोकांनीच दिला. २ मार्च १९५१ ला, म्हणजे देझीच्या वाढदिवसालाच, नमुन्याचा एपिसोड झाला, पायलट म्हणतात तो. लुसी तेव्हा चारपाच महिन्यांची गरोदर, ढगळ कपड्यांत झाकलं. पेपितो त्यातही होता. पायलटवर फिलिप मॉरिस स्पॉन्सर मिळाला. सगळे खूश.

आणि इथे घोडं अडलं.

स्पॉन्सरच्या जाहिरात एजन्सीने गृहीतच धरलं होतं की हे दोघं आता बाडबिस्तरा उचलून न्यूयॉर्कला येणार. कारण तेव्हाचे बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून लाइव्ह व्हायचे. बहुतेक टीव्ही संच पूर्वेकडे आणि मधल्या भागात होते, आणि पूर्व-पश्चिम किनारा जोडणारी टीव्हीची लाइन १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत नव्हतीच. मग दुसऱ्या किनाऱ्याला कार्यक्रम कसा दाखवायचा? तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्याचंच शूटिंग करायचं, ती फिल्म डब्यात घालून पाठवायची. याला किनेस्कोप म्हणत. आपण मोबाइलने टीव्हीवरची मॅच शूट करून ग्रुपवर टाकतो ना, साधारण तसलं, आणि तेही १९५१ चं. चित्र धुरकट, चेहरे करडे. लॉस एंजेलिसच्या लोकांनी हे धुरकट चित्र बघितलं तर स्पॉन्सरला चालत होतं, पण उलट, म्हणजे कार्यक्रम लॉस एंजेलिसहून आणि धुरकट चित्र न्यूयॉर्कला, हे अजिबात नाही. सिगरेटी ओढणारी बहुतेक माणसं पूर्वेकडे होती.

लुसी म्हणाली न्यूयॉर्कला येणार नाही. रँच इथे, आई इथे, मूल इथे होणार, आणि मुख्य म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी केला, तर नवरा-बायकोने एका छपराखाली राहावं म्हणून, आणि ते छप्पर इथे आहे. १७ जुलैला मुलगी झाली. ऑक्टोबरमध्ये कार्यक्रम सुरू व्हायचा आणि जुळत तर काहीच नव्हतं.

देझीने तोडगा काढला, की लाइव्ह नकोच, सिनेमासारखं ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट करू, प्रिंट काढू, पूर्वेला पण चकचकीत चित्र आणि पश्चिमेला पण. पण सिनेमासारखं शूट केलं तर प्रेक्षक नाहीत, आणि लुसीला समोर माणसं लागायची, रिकाम्या स्टुडिओत ती विझायची. हे सीबीएसलाही माहीत होतं, रेडिओवर तिला समोर प्रेक्षक बसवूनच खुलवलं होतं. मग ठरलं की फिल्मवर, तीन कॅमेरे एकदम चालवून, नाटकासारखं सलग, तीनशे प्रेक्षकांसमोर. सगळं एकत्र. खर्च अर्थातच वाढला.

वाढलेला खर्च कोण देणार यावर घासाघीस झाली. सीबीएस थोडे वाढवून देणार, स्पॉन्सर थोडे, तरी भगदाड राहिलंच, तेव्हा या जोडप्याला सांगितलं गेलं की तुमच्या मानधनातले आठवड्याला हजार डॉलर सोडा, म्हणजे पाचाचे चार हजार घ्या. देझी म्हणाला सोडतो, पण मग दाखवून झाल्यावर त्या फिल्म आमच्या. अर्ध्या नाही, पूर्ण. सीबीएस म्हणालं, घ्या.

या ठिकाणी लोक टाळ्या वाजवतात. मी थोडं थांबतो. सीबीएस इतक्या सहज "घ्या" का म्हणालं, तर त्यांच्या लेखी एकदा दाखवून झालेला कार्यक्रम म्हणजे कालचा पेपर. रद्दी. रेडिओवर आयुष्य काढलेली माणसं ती, रेडिओवर कालचा कार्यक्रम परत ऐकवायचा ही कल्पनाच नव्हती. पाहिलेलं परत कोण पाहील? तेव्हा ज्या वस्तूची किंमत शून्य आहे ती देऊन आठवड्याला हजार वाचतायत, तर हा सौदा त्यांच्या डोक्याने बरोबरच होता. आणि देझीच्या बाजूनेही बघा, तेव्हा अमेरिकेत वरच्या स्लॅबचा इन्कमटॅक्स ९० टक्क्यांच्या वर होता, म्हणजे मोठ्या कमाईवाल्याने वरचे हजार सोडले तरी खिशातून प्रत्यक्ष जातात ते त्याचा एक छोटा तुकडा. त्याने कागदावरचे हजार सोडले आणि त्या बदल्यात न विकली जाणारी रद्दी घेतली. दोघांनाही वाटलं असणार आपण काही फार गमावलं नाही. हक्काचं मोल कळून कुणी झगडला असं मला तरी दिसत नाही. देझीचं श्रेय एवढंच, आणि ते मोठं आहे, की दुसरा ज्याला रद्दी म्हणतोय ते मागायचं त्याला सुचलं. पहिल्या सीझनचे ३५ एपिसोड धरले तर सोडलेले पैसे होतात ३५ हजार डॉलर, एका वर्षाचे. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

आता ते शूट प्रत्यक्षात कसं करायचं हे तर कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तीन फिल्म कॅमेऱ्यांची कल्पना आधी थोडीफार वापरात आलेली होती, अगदी पहिल्यांदा यांनीच शोधली असं जे सांगतात ते खरं नाही, पण प्रेक्षकांसमोर सलग विनोदी नाटकासाठी ती बसवून दाखवली ती यांनी. त्यासाठी देझीने कार्ल फ्रॉइंडला गाठलं. हा माणूस म्हणजे जर्मन मूकपटांच्या काळातला दादा, फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'चा कॅमेरा त्याचा, पुढे ऑस्करही मिळालेलं. सिनेमात प्रत्येक शॉटला वेगळं लायटिंग करतात, इथे तीन कॅमेरे एकदम लांबून जवळून बघणार, मग सावल्या जुळणार कशा? फ्रॉइंडने दिवे वर टांगले, सगळीकडून सारखा उजेड पाडला, जमिनीवर केबल नको दिवे नको म्हणजे कॅमेरे फिरायला मोकळे. आजही प्रेक्षकांसमोर शूट होणारा कुठलाही सिटकॉम बघा, तो सपाट उजेड, तो बाजूबाजूला मांडलेला दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, बघताक्षणी ओळखू येतो.

भाड्याने घेतलेल्या स्टुडिओत प्रेक्षक बसवायचे म्हणजे कायदेशीर भानगडी वेगळ्याच, आग विझवायची सोय, लोकांसाठी रस्त्याकडून वेगळं दार, संडास. देझी हे सगळं निस्तरत होता. ज्या माणसाला सीबीएस बँडवाला समजत होतं तो एका उन्हाळ्यात निर्माता झाला, आणि हे श्रेय त्याला हयातीत पुरतं मिळालं नाही, लोक त्याला लुसीचा नवराच म्हणत राहिले.

१५ ऑक्टोबर १९५१, सोमवार रात्री नऊ, पहिला एपिसोड. आय लव्ह लुसी. पुढे सहापैकी चार सीझन ही मालिका देशात पहिल्या नंबरवर. मालिकेबद्दल मी फार सांगत बसत नाही, यूट्यूबवर तुकडे आहेत, चॉकलेटच्या कारखान्यातला पट्टा भरधाव सुटतो आणि ही तोंडात, टोपीत, गळ्यात चॉकलेटं कोंबते तो एकच बघा. सत्तर वर्षं झाली, भाषा कळली नाही तरी हसायला येतं. एवढंच म्हणेन की ते उत्स्फूर्त वगैरे काही नव्हतं. लुसी दिवसच्या दिवस तालीम करायची, वस्तू हातात घेऊन घेऊन, कुठे किती सेकंद थांबायचं हे ठरवून. सेटवर ती बिलकुल गमतीशीर नसायची म्हणे. कामाची बाई.

खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या बाळंतपणाने. १९५२ मध्ये ती परत गरोदर. आता काय, मालिका बंद? स्पॉन्सर आणि नेटवर्क आधी बिचकले, गरोदर बाई टीव्हीवर दाखवायची कशी, फर्निचरच्या मागे उभी करू वगैरे. देझीने थेट फिलिप मॉरिसच्या प्रमुखाला पत्र लिहून परवानगी मिळवली आणि गरोदरपण गोष्टीतच घातलं. तरी "प्रेग्नंट" हा शब्द वापरायचा नाही, आणि स्क्रिप्ट वाचायला एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रबाय असे तीन तीन धर्मगुरू बसवले. त्यांना काहीच आक्षेपार्ह सापडलं नाही. १९ जानेवारी १९५३ ला सकाळी लुसीचं सिझेरियन झालं, मुलगा झाला, आणि त्याच रात्री टीव्हीवरच्या लुसीलाही मुलगा झाला. साधारण ४ कोटी ४० लाख लोकांनी तो एपिसोड बघितला. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवरचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, तो बघणारे यापेक्षा कमी.

पण या व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पडद्यामागचं. बाई बाळंतपणात, नवे एपिसोड पुरेसे नाहीत, मग हवेवर काय सोडायचं? फिल्म होत्याच डब्यात. पहिल्या वर्षाचे एपिसोड काढले, पुढे थोडा नवा भाग जोडला आणि परत दाखवले. लोकांनी बघितले. तक्रार नाही काही नाही. एक तर लुसी परत बघायला आवडत होती, आणि दुसरं, वर्षभरात लाखो घरांत नवा टीव्ही आलेला, त्यांच्यासाठी तो एपिसोड जुना नव्हताच. रद्दी विकली जाते हे असं कळलं. कुणी अभ्यास करून नाही, बाळंतिणीला विश्रांती हवी म्हणून.

फेब्रुवारी १९५३ मध्ये फिलिप मॉरिसबरोबर ८० लाख डॉलरचा नवा करार झाला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बॉम्ब फुटला. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट शोधायची साथ आलेली, आणि निघालं काय तर लुसीने १९३६ साली कम्युनिस्ट म्हणून मतदार नोंदणी केली होती. तिने चौकशी समितीला सांगितलं की आजोबा कट्टर समाजवादी, म्हातारा खूश व्हावा म्हणून केली. असल्या एका कागदावर तेव्हा माणसं कायमची कामाला मुकत होती. देझी शूटिंगच्या आधी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, लुसीत लाल काय आहे तर फक्त केस, आणि तेही खरे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आठवड्यात प्रकरण मिटलं. वाक्य फर्मासच आहे, पण मी म्हणेन की ८० लाखांचा करारही होता पाठीशी. लहान नट-नट्यांकडे ना असं वाक्य होतं ना असा करार.

आता हिशोबाकडे. १९५७ पर्यंत अर्ध्या तासाचे १८० एपिसोड झाले, सगळे डेसिलूच्या डब्यांत, आणि ते परत दाखवायचे हक्क सीबीएसने विकत घेतले. किती? साडेचार ते पाच मिलियन डॉलरच्या दरम्यान. म्हणजे जे सीबीएसने "घ्या" म्हणून देऊन टाकलं होतं तेच परत घ्यायला पन्नास लाखांच्या घरात. तो बाजूला लिहिलेला ३५ हजारांचा आकडा आता काढा, सहा वर्षांचे धरले तरी दोन लाखांच्या आसपास.

पण थांबा, मला इथे दुसरीच गोष्ट खटकते आणि ती फार कुणी बोलत नाही. त्यांनी विकलं! ज्या हक्कासाठी हे प्रकरण शिकवलं जातं तो हक्क त्यांनी सहा वर्षांत नेटवर्कला परत दिला. त्या मालिकेचे पुनःप्रक्षेपण पुढे कित्येक दशकं जगभर चालू राहिलं, आजही कुठे ना कुठे चालू असेल, आणि त्याची मुख्य कमाई सीबीएसची. मग लुसी आणि देझी फसले का? माझं मत, नाही. कारण त्यांना त्या वेळी जागा हवी होती. डेसिलू आता दुसऱ्यांच्याही मालिका बनवत होतं, आणि १९५७ च्या शेवटी आरकेओ स्टुडिओ विकायला निघाला, तो यांनी साठेक लाखांना घेतला. तोच आरकेओ, जिथे लुसी आठवड्याच्या पगारावर राबली होती. आता तीसहून जास्त शूटिंग फ्लोअर यांच्या मालकीचे, एमजीएमपेक्षा जास्त. हक्क विकून जमीन घेतली असं म्हणा, आपल्याकडचा कुठलाही आजोबा हेच करायला सांगेल. तरी हळहळ वाटते ती वाटतेच.

आणि ज्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं ते? नवरा घरी राहिला का? राहिला, म्हणजे एकाच आवारात राहिला. पण बँडवाला देझी जेवढा बाहेर असायचा तेवढाच स्टुडिओमालक देझी बाहेर असायला लागला. दारू वाढली, जुगार होता, बायका होत्या. पुढची काही वर्षं मालिका अधूनमधून तासाच्या एपिसोडच्या रूपात चालली, सेटवर दोघं धड बोलत नव्हते. शेवटचा एपिसोड शूट झाला २ मार्च १९६० ला, परत देझीचा वाढदिवस, पायलटला बरोब्बर नऊ वर्षं. दुसऱ्या दिवशी लुसीने घटस्फोटाचा अर्ज दिला. दूर नोकरी असती तर लग्न टिकलं असतं असं मी म्हणत नाही, १९४४ मध्येच अर्ज टाकलेला होता की, पण हे पाहा, फिल्मचा निर्णय, मालकीचा निर्णय, कंपनी, सगळं जिच्यासाठी उभं केलं ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं मिळालं.

१९६२ मध्ये तिने देझीचा हिस्सा विकत घेतला आणि डेसिलूची प्रमुख झाली. एवढा मोठा हॉलिवूड स्टुडिओ चालवणारी पहिली बाई, आणि हे पद तिने मागून घेतलेलं नव्हतं, गळ्यात पडलं. हिशोबाच्या मीटिंगा तिला आवडत नसत, नोकरांना काढणं जमत नसे. दिवसा नव्या मालिकेत केक तोंडावर फासून घ्यायचा आणि संध्याकाळी संचालकांबरोबर बसायचं. याच काळात एक महागडी अंतराळाची मालिका संचालकांना नको होती, खर्च झेपणार नाही म्हणत होते, लुसीने उचलून धरली. ती 'स्टार ट्रेक'. त्याच वर्षी, १९६६ ला, 'मिशन: इम्पॉसिबल'ही तिथूनच. सुरुवातीला 'स्टार ट्रेक' कशाबद्दल आहे हे तिला नीट समजलं नव्हतं असं सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, पण धाडस तिचंच. १९६७ मध्ये गल्फ अँड वेस्टर्न या बड्या कंपनीला १७ मिलियन डॉलरला कंपनी विकली आणि मोकळी झाली, 'स्टार ट्रेक' अर्थात कंपनीबरोबर गेली. पुढची सहा दशकं ती किती पिकली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे हेही दुसऱ्यांदा.

त्यानंतरचं पटकन सांगतो. अभिनय १९७४ पर्यंत टीव्हीवर नियमित चालला. १९८६ मध्ये पंचाहत्तरीला परत एक मालिका केली, आठ एपिसोड दाखवून चॅनलने बंद केली, तिला ते फार लागलं. त्याच डिसेंबरच्या २ तारखेला देझी गेला. पाचच दिवसांनी वॉशिंग्टनला केनेडी सेंटरचा मोठा सन्मान तिला मिळायचा होता, देझीने त्यासाठी आधीच मजकूर लिहून ठेवला होता, तो दुसऱ्याने वाचून दाखवला. त्यात होतं की आय लव्ह लुसी हे नुसतं मालिकेचं नाव कधीच नव्हतं. ती वर बाल्कनीत बसून ऐकत होती. २६ एप्रिल १९८९ ला ती गेली, हृदयाच्या ऑपरेशननंतर महाधमनी फुटून.

एक राहिलं, तो पायलट. मालिकेचे १८० एपिसोड आज लख्ख दिसतात, कारण ते ३५ मिलिमीटर फिल्मवर होते आणि डबे कुणीतरी आपले समजून सांभाळले. पण २ मार्च १९५१ चा तो नमुन्याचा एपिसोड भांडणाच्या आधीचा, मालकी ठरायच्या आधीचा, आणि किनेस्कोपवर घेतलेला, तेच ते धुरकट चित्र. काम झालं, स्पॉन्सर मिळाला, कुणी जपला नाही. जवळजवळ चाळीस वर्षं तो हरवला असंच सगळे धरून चालले होते. एक प्रत देझीने त्या वेळी आभार म्हणून पेपितो जोकराला दिली होती, आणि ती त्याच्या घरात पडून होती. त्याच्या बायकोला ती सापडली. १९९० च्या एप्रिलमध्ये दाखवली, सीबीएसवरच. लुसीला जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.